महागडी मोटार, उदासीन विक्रेता : ग्राहकाने काय करावे?

कोटी-दोन कोटी रुपये मोजण्याची तयारी ठेवून शोरूममध्ये जाणाऱ्या ग्राहकासाठी पायघड्या घातल्या जात असतील, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेकांचा अनुभव निराळा असतो. आलिशान स्पोर्ट्‌स मोटारींच्या शोरूममध्ये गेलेल्या ग्राहकाकडे कोणी फिरकत नाही, किंमत विचारली तर मोघम आकडा सांगितला जातो, टेस्ट ड्राइव्हसाठी ‘कळवतो’ म्हटले जाते आणि नंतर फोन येत नाही. बुकिंगची रक्कम भरल्यावर विक्रेत्याचा सूर बदलल्याच्याही तक्रारी असतात. अशा वेळी वाद घालावा, मुकाट्याने परत फिरावे की दाद मागावी, हा प्रश्न केवळ मानापमानाचा नसतो. त्यात ग्राहकाची मोठी रक्कम गुंतलेली असते.

नवघरसारख्या भागात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. १९८५ मध्ये नवघर, मीरा, भाईंदर, काशी, घोडबंदर या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगर परिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. या काळात स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, बांधकाम व्यवसाय आणि वडिलोपार्जित जमिनी यांतून येथील अनेक कुटुंबांकडे पैसा आला. ऑगस्ट २०१६ मध्ये येथील आमदार नरेंद्र मेहता यांनी पत्नीला वाढदिवसानिमित्त दिलेली लॅम्बॉर्गिनी हुराकान मीरा रोड येथे एका उभ्या रिक्षाला धडकली आणि ही मोटार राज्यभर चर्चेचा विषय ठरली. मात्र अशा मोटारी विकत घ्यायच्या तर मुंबई गाठावी लागते आणि तेथे पत्ता, पेहराव व बोली यांवरून ग्राहकाची पारख होण्याची शक्यता असते.

कपड्यांवरून पारख

या वृत्तीचे गाजलेले उदाहरण शेजारच्या कर्नाटकातील आहे. जानेवारी २०२२ मध्ये तुमकुरू येथे महिंद्रच्या शोरूममध्ये बोलेरो पिकअप पाहण्यासाठी गेलेल्या एका शेतकऱ्याला ‘खिशात दहा रुपये तरी आहेत का’, अशा आशयाचे बोल ऐकावे लागले. त्याने थोड्याच वेळात मित्रांच्या मदतीने दहा लाख रुपये आणून दाखविले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. महिंद्र उद्योगसमूहाचे प्रमुख आनंद महिंद्र यांनी व्यक्तीची प्रतिष्ठा जपणे हे समूहाचे मूलभूत मूल्य असल्याचे जाहीरपणे सांगितले, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि वाहन शेतकऱ्याच्या स्वाधीन करण्यात आले.

ही घटना ऐकायला समाधानकारक असली, तरी तिचे अनुकरण करणे शहाणपणाचे ठरणार नाही. २०१७ पासून आयकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारता येत नाही. त्यामुळे नोटांची बॅग टेबलावर ठेवणाऱ्या ग्राहकाला नियमाने चालणारा विक्रेता नकारच देईल.

पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही असलेल्यांनाही उपेक्षा चुकत नाही. रेमंड समूहाचे प्रमुख गौतम सिंघानिया यांची नवी लॅम्बॉर्गिनी रेव्हुएल्टो ऑक्टोबर २०२४ मध्ये अटल सेतूवर विद्युत यंत्रणा बंद पडल्याने अडकली. त्यानंतर कंपनीच्या भारतातील व आशियातील प्रमुखांच्या उद्धटपणावर त्यांनी समाजमाध्यमावर टीका केली. ग्राहकाची अडचण काय आहे हे विचारण्यासाठीही कोणी संपर्क साधला नाही, अशी त्यांची तक्रार होती. २०२३ च्या अखेरीस भारतात दाखल झालेल्या या मोटारीची एक्स-शोरूम किंमत त्या वेळी ८ कोटी ८९ लाख रुपये होती.

कंपनीने ग्राहकाला तुच्छ लेखल्याची कथा लॅम्बॉर्गिनीच्या जन्माशीही जोडली जाते. ट्रॅक्टर तयार करणारे इटालियन उद्योजक फेरुच्चो लॅम्बॉर्गिनी आपल्या फेरारी मोटारीच्या क्लचची तक्रार घेऊन एन्झो फेरारी यांच्याकडे गेले आणि ‘तुम्ही ट्रॅक्टरच चालवा’, असे उत्तर मिळाल्याने त्यांनी १९६३ मध्ये स्वतःची मोटार कंपनी काढली, असे सांगितले जाते. प्रत्येक नाराज ग्राहकाला कारखाना काढता येत नाही. आपल्याला कोणते हक्क आहेत, हे मात्र त्याला जाणून घेता येते.

विक्रेता उदासीन का असतो?

विक्रेत्याच्या वागण्यामागील कारणे समजून घेतल्यास अर्धे काम सोपे होते. महागड्या स्पोर्ट्‌स मोटारी थोड्या संख्येने येतात आणि अनेकदा मागणी नोंदविल्यावरच तयार केल्या जातात. टेस्ट ड्राइव्हसाठी डीलरकडे एखादीच मोटार असते. शोरूममध्ये येणाऱ्यांपैकी पुष्कळजण मोटारीसोबत छायाचित्र काढून घेण्यासाठी येतात. खरा ग्राहक कोण याचा अंदाज विक्री प्रतिनिधी बांधतो आणि तो अनेकदा चुकतो. महिला ग्राहकाने प्रश्न विचारला तरी उत्तर सोबतच्या पुरुषाला देणे, हाही या अंदाजाचाच भाग. अशा वेळी ‘मोटार माझ्या नावावर होणार आहे, उत्तर मला द्या’, असे शांतपणे सांगणे पुरेसे असते.

सवलतीबाबतची टाळाटाळ हा वेगळा मुद्दा आहे. सवलत देणे विक्रेत्याच्या हातात नसते, हे कधी कधी खरे असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. डीलरनी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सवलत देऊ नये यासाठी कंपनी दबाव आणते, असा निष्कर्ष आयोगाने काढला होता. ग्राहक बनून शोरूममध्ये जाणाऱ्या संस्थांमार्फत डीलरवर पाळत ठेवली जात असल्याचेही आयोगाने नमूद केले. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा यांचा समावेश असलेल्या विभागातील एका डीलरने पाठविलेल्या निनावी ई-मेलवरून ही चौकशी सुरू झाली होती. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. हे प्रकरण सामान्य मोटारींचे असले, तरी समोरचा सेल्समन अनेकदा वरच्या आदेशाने बांधलेला असतो, हे त्यावरून लक्षात येते. म्हणूनच त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचणे अधिक उपयोगाचे.

वागणूक आणि माहिती यांतील फरक

सेल्समन हसून बोलला नाही, चहा विचारला नाही, यासाठी कोणताही आयोग भरपाई देणार नाही. माहितीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ या संज्ञेची व्याप्ती वाढविण्यात आली आणि ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणीवपूर्वक दडवून ठेवणे हीसुद्धा त्रुटी ठरविण्यात आली. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. एखादी वस्तू विकताना दुसरी वस्तू वा सेवा घेण्याची अट घालणे हा निर्बंधक व्यापारी व्यवहार मानला जातो.

म्हणून ग्राहकाने सौजन्याची अपेक्षा जरूर ठेवावी, पण आग्रह धरावा तो माहितीचा, आणि तोही लेखी.

जाण्यापूर्वीची तयारी

अचानक शोरूम गाठण्याऐवजी ई-मेलने वेळ ठरवून जावे. कोणते मॉडेल, कोणता प्रकार, टेस्ट ड्राइव्ह हवी की नको, खरेदी साधारण केव्हा करावयाची आहे, हे चार ओळींत लिहावे. अशा पत्राने ग्राहकाचे गांभीर्य सिद्ध होते आणि पहिल्या दिवसापासूनची नोंदही तयार होते. कर्ज घ्यावयाचे असल्यास बँकेची तत्त्वतः मंजुरी आधीच मिळवावी. बँकेचे खातेपुस्तक किंवा आयकर विवरणपत्र विक्रेत्याला पहिल्याच भेटीत दाखविण्याचे कारण नाही.

आपल्या भागातील रस्त्यांचा विचारही आधीच करावा. स्पोर्ट्‌स मोटारींचा तळ जमिनीपासून फार कमी उंचीवर असतो. नवघर रोडवरील गर्दी, गल्लीच्या तोंडाशी असलेले गतिरोधक, इमारतीच्या पार्किंगचा उतार आणि पावसाळ्यात साचणारे पाणी यांत ती मोटार चालेल काय, हा प्रश्न थेट विचारावा. मोटारीचा पुढील भाग काही काळ वर उचलणारी यंत्रणा त्या मॉडेलमध्ये आहे का, ती किमतीत धरलेली आहे की तिचे वेगळे पैसे पडतात, हेही विचारावे. शक्य असल्यास टेस्ट ड्राइव्ह गतिरोधक असलेल्या रस्त्यावरच घ्यावी.

शोरूममध्ये

प्रतिसाद मिळत नसेल, तर विक्री प्रतिनिधीचे नाव विचारून घ्यावे आणि सेल्स मॅनेजरची भेट मागावी. आवाज चढवू नये, ओळखीच्या पुढाऱ्याचे नाव सांगू नये आणि खिशातील रकमेची जाहिरात करू नये. त्याच दिवशी घरी आल्यावर काय विचारले व काय उत्तर मिळाले, याचा ई-मेल डीलरला पाठवावा. उत्तरासाठी आठवड्याची मुदत द्यावी. उत्तर न आल्यास तोच ई-मेल कंपनीच्या भारतातील ग्राहक सेवा विभागाकडे पाठवावा. शोरूम डीलरचे असले, तरी विक्रीची प्रतिष्ठा कंपनीची असते, म्हणून या पायरीवर बहुतेकदा हालचाल होते. त्याच कंपनीचा दुसरा डीलर उपलब्ध असेल, तर त्याच्याकडून कोटेशन मागवून ठेवावे.

कोटेशनमधील प्रत्येक ओळ

‘ऑन-रोड’ असा एकच आकडा स्वीकारू नये. त्यातील प्रत्येक ओळ वेगळी मागावी.

एक्स-शोरूम किंमत : यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी असून पूर्वीचा भरपाई उपकर रद्द झाला आहे. इलेक्ट्रिक मोटारींवर ५ टक्के जीएसटी आहे.

रोड टॅक्स : महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील २० लाखांहून अधिक किमतीच्या पेट्रोल मोटारीवर १३ टक्के, तर डिझेल मोटारीवर १५ टक्के एकरकमी कर आहे. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर नोंदविलेल्या मोटारींना २० टक्के दर लागतो. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. देशात जोडणी झालेल्या दीड कोटीच्या पेट्रोल मोटारीवर व्यक्तीच्या नावाने ढोबळमानाने साडेएकोणीस लाख, तर कंपनीच्या नावाने तीस लाख रुपये कर होतो. साडेदहा लाखांचा हा फरक न सांगणारा विक्रेता ग्राहकाचे मोठे नुकसान करू शकतो.

आयकराचे संकलन : १० लाखांहून अधिक किमतीच्या मोटारीवर विक्रेता १ टक्का रक्कम आयकरापोटी गोळा करतो. ही तरतूद २०१६ पासून आहे. विवरणपत्र भरताना ही रक्कम करात वळती करून घेता येते, म्हणून तिचे प्रमाणपत्र मागावे.

विमा : डीलरकडूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. बाहेरून दोन-तीन कंपन्यांचे दर मागवून तुलना करावी. नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा मात्र सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे.

हाताळणी शुल्क : ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ या नावाने दाखविलेली रक्कम शासनाकडे जात नाही. ती कशासाठी आहे हे लेखी विचारावे आणि समाधान न झाल्यास ती वगळण्यास सांगावे.

परराज्यात नोंदणी करून कर वाचविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. दुसऱ्या राज्यात नोंदलेली मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास येथे नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कराचाही प्रश्न येतो.

बुकिंगची रक्कम

पैसे भरण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर असाव्यात : मॉडेल व निवडलेल्या सर्व सुविधा, उत्पादनाचे वर्ष, डिलिव्हरीचा अपेक्षित महिना, दरम्यान किंमत वाढल्यास ती कोणी सोसावयाची आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल. ‘बुकिंग परत मिळणार नाही’ ही ओळ बारीक अक्षरात छापलेली असते. ती वाचल्याशिवाय सही करू नये. रक्कम डीलरच्या खात्यातच भरावी. विक्री प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात कधीही भरू नये.

क्रमांकाशिवाय ताबा नको

‘मोटार घेऊन जा, नंबर नंतर येईल’ हा सोयीचा वाटणारा प्रस्ताव नाकारावा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार डीलर ज्या राज्यातील असेल त्याच राज्यात नवीन वाहनाची नोंदणी होणार असल्यास अर्ज डीलरनेच करावयाचा असतो आणि नोंदणी क्रमांक लावल्याशिवाय वाहन मालकाच्या ताब्यात देता येत नाही.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्यातील पोर्शे टायकन ही मोटार बंगळुरूच्या डीलरने मार्च २०२४ मध्ये आयात केली होती आणि ती तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात आली होती. १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्याने तिची कायम नोंदणी अपूर्ण राहिल्याचे परिवहन विभागाने त्या वेळी सांगितले. कोट्यवधींच्या मोटारीची कागदपत्रे किती किरकोळ कारणाने रखडतात आणि तरीही ती मोटार रस्त्यावर येते, हे या घटनेने दाखवून दिले.

ताबा घेताना फॉर्म २१ हे विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ हे मोटार रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र पाहावे. फॉर्म २१ वरील उत्पादनाचा महिना व वर्ष, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकांशी ताडून घ्यावेत. किलोमीटरचा आकडा, रंग, टायर आणि मोटारीची खालची बाजू दिवसाउजेडी तपासावी. फरक आढळल्यास ताबा न घेता तसे लेखी कळवावे.

डीलर वेगळा, कंपनी वेगळी

ही तपासणी किती आवश्यक आहे, हे गोव्यातील एका प्रकरणावरून दिसते. २०११ चे मॉडेल हवे असताना आपल्याला २००९ मध्ये तयार झालेली, आधीच शेकडो किलोमीटर धावलेली मोटार देण्यात आली, अशी एका ग्राहकाची तक्रार होती. ग्राहक मंचांनी डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला. कंपनी आणि डीलर हे परस्परांशी स्वतंत्रपणे व्यवहार करणारे पक्ष होते आणि डीलरच्या कृतीची कंपनीला माहिती असल्याचा पुरावा नव्हता, हे त्यामागील कारण होते. यावरून घ्यावयाचा बोध असा, की डीलरने तोंडी दिलेल्या आश्वासनासाठी कंपनी बांधील असेलच असे नाही. महत्त्वाच्या ई-मेलची प्रत कंपनीलाही पाठविली, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे तिला नंतर म्हणता येत नाही.

डीलर बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. फेरारीने २०११ मध्ये एका वितरकामार्फत भारतात प्रवेश केला आणि २०१५ मध्ये ती नव्या वितरकांसह परतली. दुरुस्ती व सुट्या भागांची हमी कोणाची आहे, हे म्हणूनच वॉरंटीच्या कागदावर पाहावे.

दाद कोठे मागावी?

पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. १९७५ पासून कार्यरत असलेली मुंबई ग्राहक पंचायतही मार्गदर्शन करते. त्यानंतर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार दाखल करता येते. त्यामुळे शोरूम कोठेही असले, तरी नवघरच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते.

कोणत्या आयोगाकडे जावयाचे, हे प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवरून ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग अशी विभागणी डिसेंबर २०२१ पासून आहे. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरविली. म्हणजे मोटार तीन कोटींची असली, तरी वाद केवळ भरलेल्या पाच लाखांच्या बुकिंगचा असेल, तर जिल्हा आयोगाचा विचार करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. २० ते ५० लाखांसाठी ते एक हजार रुपये आहे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

मोटार कंपनीच्या नावावर असल्यास ‘हा व्यावसायिक वापर आहे’, असा आक्षेप समोरचा पक्ष घेऊ शकतो. मर्सिडीजच्या मोटारींसंबंधीच्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा आक्षेप फेटाळला. कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली मोटार केवळ कंपनीच्या नावावर आहे म्हणून व्यावसायिक ठरत नाही, असा त्याचा अर्थ. भाईंदरमधील कारखानदारांना हा निर्णय उपयोगी पडणारा आहे. मोटार कोण, कशासाठी वापरणार याची नोंद संचालक मंडळाच्या ठरावात असल्यास बाजू भक्कम होते.

आयोगासमोर उभे राहताना शोरूममध्ये झालेला अपमान शब्दांत मांडणे कठीण जाते. तारीख, नाव, कोटेशन आणि ई-मेल मात्र सहज दाखविता येतात. पहिल्या भेटीपासून या कागदांची एक फाइल करून ठेवली, तर विक्रेता बोलका असो वा अबोल, ग्राहकाची बाजू त्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.